शुगर आहे, रोजा ठेवू का? आयडीएफ-डार गुणपत्रकाचं परीक्षण

रमजानच्या तोंडावर शुगरचा पेशंट डॉक्टरांना विचारतो, रोजा ठेवू का? डॉक्टर म्हणतात, हा तुमच्या धर्माचा प्रश्न, मौलानांना विचारा. मौलाना म्हणतात, डॉक्टर सांगतील तसं करा. या टोलवाटोलवीवर आजघडीला हाताशी असलेलं सर्वात कामाचं साधन म्हणजे आयडीएफ-डार गुणपत्रक. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ (आयडीएफ) आणि 'डायबेटिस अँड रमजान' (डार) या दोन संस्थांनी २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत ते आहे. पुस्तिका इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येते. ती जाडजूड आहे, पण पेशंटच्या कामाचं हे एवढं एकच कोष्टक. हातात रिपोर्ट असतील तर दहा मिनिटांत भरून होतं.

कोष्टकात चौदा ओळी आहेत. मधुमेहाचा प्रकार, किती वर्षं झाली, शुगर लो होते का, एचबीए१सी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) किती, औषधं कोणती, घरी तपासणी होते का, किडनी, हृदय, गरोदरपण, वयोमानाचा अशक्तपणा, अंगमेहनत, मागच्या रमजानचा अनुभव, रोज्याचे तास वगैरे. प्रत्येक ओळीला गुण. बेरीज ३ पर्यंत आली तर धोका कमी, ३.५ ते ६ मध्यम, ६ च्या वर जास्त. मध्यम म्हणजे रोजा सुरक्षित आहे की नाही याची खात्री देता येत नाही, आणि जास्त म्हणजे ठेवू नये.

गुण कसे वाटलेत ते बघण्यासारखं आहे. शुगर खाली गेल्याचं ज्याला कळतच नाही, घाम नाही, थरथर नाही, एकदम भोवळ, त्याला त्या एकाच ओळीत ६.५ गुण. बाकी रिपोर्ट कितीही चांगले असोत, निकाल तिथेच लागला. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, ३० च्या खाली असेल तरी ६.५. अस्थिर हृदयविकार, गरोदरपणात शुगर आटोक्यात नसणं, अशक्तपणा किंवा विसरभोळेपणा, यांनाही तेवढेच. एचबीए१सी मात्र ९ च्या वर गेला तरी फक्त २ गुण. वाढलेली साखर रोज्यात धोक्याची आहेच, पण एकाएकी घात करते ती खाली गेलेली साखर, आणि गुणांची वाटणी त्या हिशेबाने केलेली दिसते.

एक नमुना घेऊ. वय ५८, टाइप २ मधुमेह बारा वर्षं (१), ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू (०.५), एचबीए१सी ८.२ (१), शुगर लो कधी होत नाही (०), घरी तपासणी अधूनमधून (१), ईजीएफआर ५५ (२). बाकी सगळं शून्य. बेरीज ५.५, म्हणजे मध्यम. हा माणूस गल्ल्यावर बसत असेल तर काळजीपूर्वक रोजे ठेवू शकेल. तोच मार्केट यार्डात हमाली करत असेल तर जड अंगमेहनतीचे ४ गुण वाढून बेरीज ९.५ होते. लॅबचा कागद दोघांचा एकच. फरक पडला तो 'काम काय करता?' या प्रश्नाने, आणि नेमका तोच प्रश्न दवाखान्याच्या घाईत राहून जातो. या कोष्टकाची खरी कमाई ही आहे.

दुसरी कमाई अशी की यातले काही गुण कमी करता येतात. वरच्या माणसाने नियमित तपासणी सुरू केली तर १ गेला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडच्या जागी ग्लिप्टिन गटातली गोळी दिली तर ०.५ गेला. एचबीए१सी ७.५ च्या खाली आणला तर आणखी १. बेरीज ३ वर येते, म्हणजे कमी धोका. फक्त हे शब-ए-बारातीनंतर, रमजानला दोनच आठवडे उरले असताना सुचून उपयोग नाही. पुस्तिका सांगते की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. म्हणजे रज्जबचा चांद दिसला की नंबर लावायचा. खरं तर तेवढाही वेळ तोकडा आहे. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. ती ओळ बदलायची असेल तर बकरी ईद झाल्यावरच कामाला लागलेलं बरं.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

अर्ध्या गुणांमुळे हे सगळं मोजून-मापून काढल्यासारखं वाटतं, तसं ते नाही. ६ आणि ६.५ यांच्यामध्ये शरीरात कुठली भिंत नसते. काठावरच्या बेरजेवर वाद घालू नये, वरच्या गटात धरावं.

औषधांच्या ओळीत दिवसातून दोन-तीनदा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्याला ३ गुण आहेत, बेसल-बोलसवाल्याला (दिवसभराचं एक इन्सुलिन आणि जेवणाआधीचं वेगळं) २.५. हे रास्त आहे. मिक्समध्ये झटपट आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन एकाच सुईत जातं, जेवण नसलं तरी त्यातला एक भाग वेगळा काढून कमी करता येत नाही. आपल्याकडे ३०/७० वाले पेशंट पुष्कळ, त्यांनी ही ओळ नीट वाचावी. पण त्याच ओळीत 'इतर औषधं' म्हणून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांना शून्य मिळतं. या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर काढतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात विदर्भात रोजा असेल तर तो शून्य फसवा आहे. पुस्तिकेच्या औषधांच्या प्रकरणात या गोळ्या इफ्तारला घ्या, रात्री पाणी भरपूर प्या, ऐन रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नका, हे सगळं आहे. कोष्टकात त्याची खूणही नाही. कडक हवामानाची तर वेगळी ओळच नाही.

रोज्याच्या तासांची ओळ आपल्यासाठी बिनकामाची. १६ तास किंवा जास्त असतील तर १ गुण. मुंबईत ऐन जूनमध्येही पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत साडेचौदा तासांच्या आसपासच होतात, फेब्रुवारी-मार्चच्या रमजानात तेरा. महाराष्ट्रात ही ओळ कायम शून्य. लंडनला जूनमध्ये रोजे ठेवणाऱ्यांना ती मोजावी लागेल.

टाइप १ ला फक्त १ गुण बघून अनेकांच्या भुवया उंचावतात. २०१६ च्या आवृत्तीत टाइप १ नियंत्रणात असला तरी सरसकट जास्त धोक्याच्या गटात होता. आता दहा वर्षांहून जुना टाइप १, बेसल-बोलस, एचबीए१सी ७.५ च्या खाली, तपासणी चोख, अशी बेरीज ४.५ येते, म्हणजे मध्यम. याचा अर्थ मोकळीक मिळाली असा काढू नये. 'तपासणी चोख' हा शब्द तिथे सगळा भार पेलतोय.

आणि हे कोष्टक फक्त मधुमेहाचं आहे. फिट्स, टीबी, अल्सर यांचा निर्णय यातून काढायला जाऊ नका.

धर्माच्या बाजूने पुस्तिका इजिप्तच्या मुफ्तींच्या मताचा आधार देते. मूळ सवलत कुराणातच आहे. सूरह बकरा, आयत १८४ आणि १८५: आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने तेवढे दिवस नंतर भरून काढावे. हनफी (सुन्नी मुसलमानांच्या धर्मशास्त्राची एक शाखा) ग्रंथांत कसोटी अशी की आजार वाढेल किंवा बरं व्हायला वेळ लागेल ही भीती स्वतःच्या अनुभवाने, स्पष्ट लक्षणांनी किंवा जाणकार, भरवशाच्या वैद्याच्या सांगण्याने ठरलेली असावी. नुसता अंदाज चालत नाही. भरलेलं कोष्टक मौलानांसमोर ठेवलं की 'जाणकाराचं सांगणं' लेखी हातात असतं, बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

पण 'ठेवू नका' म्हटल्यावर पुढे काय, याचं उत्तर बेरीज देत नाही. इथेच लोक चुकतात. जास्त धोका आला की लगेच फिद्या (रोज्याच्या बदल्यात गरिबाला द्यायचं धान्य) देऊन मोकळे होतात. फिद्या अशा आजाऱ्यासाठी आहे ज्याला पुढे रोजा ठेवता येण्याची आशाच नाही. गुण कशामुळे वाढले ते बघावं. ईजीएफआर २५ असेल तर गोष्ट वेगळी. पण गेल्या तीन महिन्यांत कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचणं) होऊन गेला म्हणून ३ गुण आले असतील, तर ते वर्षभरात ओसरणार आहेत. तिथे फिद्या नाही, कजा, म्हणजे सुटलेले रोजे नंतर भरून काढणं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान, घाम कमी, तेव्हा सुटे सुटे रोजे ठेवून कजा पूर्ण करता येते, सलग ठेवायची सक्ती नाही. हनफी मतानुसार फिद्या दिल्यावर तब्येत सुधारली तर कजा पुन्हा अंगावर येतेच.

फिद्याचं मापही सगळीकडे एक नाही. हनफींमध्ये एका रोज्यामागे अर्धा सा (धान्याचं जुनं अरबी माप) गहू किंवा त्याची किंमत. किलोच्या हिशेबात काही ठिकाणी सुमारे १ किलो ६३३ ग्रॅम धरतात, काही ठिकाणी २ किलो ४५ ग्रॅम. कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या शाखेचे, त्यांच्याकडे एक मुद्द (असंच एक माप) मुख्य धान्य, म्हणजे बहुधा तांदूळ, पाऊण किलोच्या आतबाहेर. बाळाच्या काळजीने रोजा सोडणाऱ्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचाही फरक आहे. हनफीत फक्त कजा, शाफईत कजा आणि फिद्या दोन्ही. म्हणून रत्नागिरीच्या घरात मालेगावचा फतवा जसाच्या तसा लावू नये, आपल्या जमातीच्या मुफ्तींनाच विचारावं.

ज्यांची बेरीज कमी किंवा मध्यम आली आणि ज्यांनी रोजे ठेवायचं ठरवलं, त्यांच्यासाठी पुस्तिकेतला सर्वात महत्त्वाचा आकडा ७०. शुगर ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली, किंवा आकडा काहीही असो पण घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर रोजा तिथेच सोडायचा. बोट टोचून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. तुटतो या समजुतीने लोक दिवसभर मीटरला हात लावत नाहीत आणि इफ्तारनंतर तपासून समाधान मानतात. घात होतो तो दुपारी तीन-चारनंतर, विशेषतः ग्लिमेपिराइड सहरीला (पहाटेच्या जेवणाला) घेतली असेल तर. 'अर्धाच तास राहिलाय' म्हणून रेटणं हे सर्वात महागात पडतं. मागे भीती असते कफ्फाऱ्याची, म्हणजे दंडाच्या साठ रोज्यांची. तो विनाकारण, जाणूनबुजून रोजा मोडणाऱ्यासाठी आहे. शुगर लो झाली म्हणून सोडलेल्या रोज्याची फक्त एक कजा. सोडताना खजूर-भजी नव्हे, तीन चमचे साखर पाण्यात घालून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

पूर्ण तपासणी म्हणजे सहरीआधी, सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि त्रास वाटेल तेव्हा. रोज सात धरल्या तर महिन्याला २१० पट्ट्या, ५० च्या डब्या चार पुरत नाहीत. कमी किंवा मध्यम धोक्याला दिवसातून एक-दोनदाही चालतं, त्यातली एक तिसऱ्या प्रहरी ठेवावी. दंडावरचा सेन्सर लावणार असाल तर तो बहुधा चौदा दिवसांचा असतो. दोन सेन्सर २८ दिवसांत संपतात आणि शेवटचे एक-दोन रोजे उघडे पडतात. शिवाय सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, साखर झपाट्याने उतरत असताना बोटच टोचावं.

डोस बदलण्याचे तक्ते पुस्तिकेत चांगले आहेत. दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन असेल तर सकाळचा नेहमीचा डोस इफ्तारला, आणि संध्याकाळचा २५ ते ५० टक्के कमी करून सहरीला. बेसल इन्सुलिन १५ ते ३० टक्के कमी, इफ्तारला. दिवसातून एकदाची ग्लिमेपिराइड सहरीऐवजी इफ्तारला. हे वाचून स्वतः बदल करायचे नाहीत, तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

हे बदललेले डोस ईदनंतर मागे फिरवायचे राहून जातात. ईदच्या दिवसापासून दिवसाचं जेवण सुरू होतं, शीरखुर्मा असतोच, आणि औषध मात्र रमजानचं चालू. परतीची तारीख डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्यातले) सहा रोजेही ठेवायचे असतील तर तेवढे दिवस रमजानचाच तक्ता चालवायचा. पण सुटलेले रोजे अंगावर असताना आधी कजा की शव्वालचे, हे मुफ्तींना विचारून घ्यावं.