आमच्या वाडीतलं एनएसएसचं शिबिर: घ्यावं का? घ्यावं, पण आधी बोलून

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. गेल्या डिसेंबरात मुंबईच्या एका कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएसचं) सात दिवसांचं निवासी शिबिर आमच्या शाळेत झालं. पन्नासेक मुलंमुली होती. जेवणाचं काम आमच्या बचत गटाकडे होतं, त्यामुळे सकाळच्या चहापासून रात्रीच्या बैठकीपर्यंत मी तिथेच. शेजारच्या गावातले लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. शिबिर जरूर घ्या. पण चार गोष्टी आधी बोलून घ्या, नाहीतर मुलं सात दिवस देवळाचं आवार झाडतील, फोटो काढतील आणि जातील.

आम्ही पहिलं मागितलं ते पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही. शिमगा झाला की विहिरी तळ दाखवतात. बांध घालणं आमच्यासाठी नवं नाही. पण घरटी एक तरी माणूस मुंबईला, वाडीत राहिलो आम्ही बायका आणि म्हातारी माणसं. गोण्या उचलायच्या कोणी?

कॉलेजच्या सरांनी नकाशावर जागा आधीच ठरवून आणली होती. पऱ्या जिथे सगळ्यात अरुंद, तिथे. कागदावर ते बरोबरच होतं. पण वरच्या घरातल्या आजींनी त्यांना काठावर नेलं आणि काठीने एकेक बीळ दाखवलं. खेकड्यांची बिळं, दोन्ही बाजूंना. इथे कितीही उंच बांधा, पाणी बाजूने निघून जाणार. खाली थोड्या अंतरावर तळाला अखंड कातळ आहे, तिथे रुंदी जास्त, म्हणजे काम दुप्पट. सरांनी मुलांना विचारलं आणि जागा बदलली. या शिबिराला मी सगळ्यात जास्त गुण देते ते या एका गोष्टीचे.

मग काम सुरू झालं. आधी तळातले गोटे आणि कुजका पाला काढून कातळ उघडा केला, त्यावर चिकणमाती पायाने तुडवून बसवली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत पाऊण गोणी माती भरायची. ठासून भरली तर गोणी फुगते, शेजारणीला चिकटून बसत नाही आणि मधून पाणी पाझरतं. तोंडं सुतळीने शिवायची. विटांसारखा सांधा मोडत थर चढवायचे, फटींत पुन्हा चिकणमाती. मुलांच्या हातांना पहिल्याच दिवशी फोड आले, तरी दुसऱ्या दिवशी सगळी खाली उतरली. शिबिर संपायच्या आत पाणी बांधावरून सांडायला लागलं.

फरक किती पडला ते खरं सांगते. पऱ्याजवळची विहीर एरवी मार्चअखेर आटते, ती यंदा मे महिन्यापर्यंत पुरली. काठावरच्या घरांनी पावटा, मुळा आणि माठ केला. वरच्या वाडीला मात्र काडीचाही फायदा नाही, कारण त्यांची विहीर बंधाऱ्याच्या वर, उंचावर आहे. एका बंधाऱ्याने टंचाई संपली असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

गोण्यांचं आधीच ठरवा. त्या प्लॅस्टिकच्या विणीच्या असतात. उन्हाने धागे सुटतात आणि पहिल्या पुरात सगळा कचरा शास्त्री नदीत. आम्ही अट घातली होती की पावसाआधी त्या काढायला तुमची मुलं आली पाहिजेत. मे महिन्यात परीक्षा संपवून काही जण खरंच आली, चाकरमानीही तेव्हा गावात होते, आणि सगळ्यांनी मिळून गोण्या बाहेर काढल्या. त्या मुलांना मी अजून फोन करते.

संध्याकाळचा वेळ गाण्यांना दिला होता. आमचं नमन, म्हणजे गाण्यांचा आणि सोंगांचा खेळ, शिमग्यात होतं. मृदंगवाला आणि संकासुराचं सोंग घेणारा दोघंही मुंबईला असतात, डिसेंबरात ते कुठून आणणार? म्हणून मुलींनी आजींच्या जात्यावरच्या ओव्या आणि भातलावणीची गाणी घेतली. खुर्चीवर बसवून मोबाइल समोर धरला तर आजींना दोन ओळींपलीकडे आठवेना. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं, नाचणी ओतली, समोर एका मुलीला खुंटा धरायला बसवलं. नाचणी संपेपर्यंत आजी थांबल्या नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि त्यांत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, हे त्याच मुलीने आम्हाला सांगितलं. मग आम्हीही म्हटलं, आमच्या बायकांची नावं हवीत. छापील पुस्तिका शाळेला मिळाली, प्रत्येक गाण्याखाली नाव आहे. पहिल्या खेपेला आमचे शब्द पुस्तकी करून टाकले होते, ते भांडून परत बदलून घेतले.

आता जे जमलं नाही ते. सर्वेक्षणाचे लांबलचक फॉर्म दरवर्षी कोणीतरी भरून नेतं, पुढे त्याचं काय होतं ते गावाला कळत नाही. यंदाचंही अजून कळलेलं नाही. व्यसनमुक्तीचं पथनाट्य मुलांनी मनापासून केलं, पण दुपारी चारला. तेव्हा बायका गुरांमागे आणि ज्यांनी बघायला हवं होतं ते बाजारात. आणि डिसेंबरात काजूची कलमं कशाला लावायची? ज्या कलमांना घरचं सांडपाणी मिळालं ती जगली, माळावरची फेब्रुवारीतच वाळली. झाडं लावायची तर मुलांना जूनमध्ये बोलवा.

जेवणाबद्दल मीच काय बोलू! कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी मुलांनी मागून मागून खाल्ली, ताटं स्वतः घासली, आणि पैसे जायच्या आदल्या दिवशी गटाच्या खात्यात आले.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी शताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. गावाने हे लक्षात ठेवावं, कारण त्यामुळे निदान काही मुलं दुसऱ्या वर्षीही तीच असू शकतात. कॉलेज गाव दत्तक घेतं तेव्हा एका शिबिरावर समाधान मानू नका, पुढच्या वर्षाचं लेखी घ्या.

पाचपैकी चार गुण. यंदा आम्ही शिबिर दिवाळीनंतर लगेच मागितलंय, कारण डिसेंबरअखेर पऱ्याचं निम्मं पाणी वाहून गेलेलं असतं. सरांनी होकार कळवलाय. देवरुखच्या बाजूला ज्यांची बांधकामं चालू आहेत त्यांना सांगून ठेवलंय, रिकाम्या गोण्या फेकू नका, आमचा टेम्पो येईल.