पिकिंगचा संच, आठ महिन्यांनंतर: हुक मोडला, पण दोष पट्टीचा

किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकण्यासाठी घेतलेल्या संचातला हुक, म्हणजे कुलपातल्या पिना एकेक करून उचलायची वाकड्या टोकाची सळई, परवा मोडला. टोकाचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा सरावाच्या पितळी कुलपात अडकला आणि तो चिमट्याने काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘जास्त जोर लावल्यामुळे मोडला, हमी लागू नाही.’ आणखी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच. पंधरा नगांपैकी रोज हाताशी लागायचा तो हा एकच, आणि तो सुटा मिळत नाही म्हणे! एका हुकासाठी पुन्हा अख्खा संच मी घेणार नाही.

संचात हुक, रेक (सगळ्या पिनांवरून एकदम फिरवायची नागमोडी सळई), टेन्शनची पट्टी आणि सरावाचं पारदर्शक कुलूप असतं. पारदर्शक कुलूप पहिल्याच दिवशी रेक मागेपुढे करून अर्ध्या मिनिटात उघडलं आणि मला वाटलं, जमलं. मग वापरात नसलेलं एक जुनं पितळी कुलूप घेतलं. ते तीन आठवडे ढिम्म हललं नाही. 1851 साली लंडनमध्ये हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाला ब्रामाचं, कोणालाच उघडता येणार नाही असं समजलं जाणारं कुलूप उघडायला 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास लागले होते, एवढाच काय तो धीर.

आता मुख्य तक्रार: टेन्शनची पट्टी, म्हणजे किल्लीच्या भोकात घालून सिलेंडरला (किल्लीने फिरतो त्या भागाला) पीळ द्यायची पट्टी. तिच्याबद्दल कोणी धड लिहीतच नाही, सगळे हुकांचे आकार मोजत बसतात. सिलेंडरला फिरू न देणाऱ्या पिनांची भोकं कारखान्यात कधीच तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. म्हणून सिलेंडरला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, आधी एकच अडते. बाकीच्या हुकाखाली स्प्रिंगसारख्या उसळतात, ही मात्र घट्ट लागते. तिला योग्य उंचीपर्यंत उचललं की बारीकशी ‘टिक्’ जाणवते, सिलेंडर केसभर सरकतो आणि पुढची पिन अडते. सगळी विद्या या फरकात आहे आणि तो पट्टीवरच्या बोटाला कळतो. संचातली पट्टी इतकी मऊ की पीळ देताना तीच वाकते आणि ती ‘टिक्’ बोटापर्यंत पोचतच नाही. शिवाय जाडीमुळे किल्लीच्या भोकातली अर्धी जागा तीच अडवते, मग हुक फिरवायचा कुठे?

चौथ्या महिन्यात जुन्या वायपरच्या रबरातून पोलादी पट्ट्या काढल्या. पहिली वाकवताना तडकली. दुसरी पक्कडीत धरून सावकाश वळवली आणि टोक कानशीने घासून इतकं आखूड केलं की ते भोकाच्या तोंडाशी, पिनांच्या बाजूच्या कडेत बसेल पण पहिल्या पिनेला लागणार नाही. खालची जागा मोकळी झाली. त्याच रात्री ते पितळी कुलूप उघडलं. मी ते पुन्हा बंद करून आणखी तीनदा उघडलं, कारण खरंच वाटेना.

मग हुक मोडला कसा? परवा माझी पट्टी सापडेना म्हणून संचातली घेतली होती. काल दोन्ही पट्ट्या आळीपाळीने लावून पाहिल्या. माझ्या पट्टीने पिन अलगद उठते. त्यांच्या पट्टीने काही जाणवत नाही म्हणून आपण नकळत दाबत जातो, पिन आवळली जाते आणि हुकाला पहारीसारखं वापरावं लागतं. म्हणजे जोर जास्त लागला हे विक्रेत्याचं म्हणणं मला मान्य आहे. हुकाच्या पोलादाला मी दिवसभर नावं ठेवली, ती मागे घेते. पण तो जोर लावायला लावणारी पट्टी त्यांनीच दिली होती.

पारदर्शक कुलपाबद्दलही मत बदललं. डोळ्यांनी बघून उघडण्यात काही शिकणं नाही, हे खरं. पण किती कमी पीळ पुरतो ते त्यात दिसतं: नुसत्या करंगळीच्या भाराने बसलेली पिन जागची हलत नाही. हे मला पहिल्या दिवशी कोणी दाखवायला हवं होतं. ते ठेवून घेतलंय.

सध्या स्पूल पिनांचं कुलूप चाललंय. पिनेचा आकार दोऱ्याच्या रिळासारखा, मधे बारीक. सिलेंडर थोडा फिरतो, उघडल्यासारखं वाटतं आणि थांबतो. पिन वर ढकलली की तो उलटा फिरू पाहतो; त्या क्षणी पीळ सैल सोडायचा, पण पूर्ण नाही, नाहीतर बसलेल्या सगळ्या पिना खाली येतात. संचातल्या पट्टीने मला हे एकदाही जमलेलं नाही.

कुलूप स्वतःचं आणि वापरात नसलेलंच घ्या. माझा अडकलेला तुकडा घराच्या दाराच्या कुलपात असता तर मी बाहेरच राहिले असते. हत्यारं जवळ बाळगण्याचे कायदेही देशागणिक वेगळे असतात, तेवढे आधी बघून घ्या.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी दोन चांगले हुक सुटे घेईन, एक आखूड नि एक मध्यम. पट्ट्या वायपरच्याच.