'रुमर्स' ४५ आरपीएम डबल रेकॉर्ड: दुप्पट पैसे द्यायचे ते कशाचे

फ्लीटवूड मॅक ह्या रॉक बँडचा 'रुमर्स' घरात आधीच असताना तोच अल्बम परत दुप्पट-अडीचपट पैसे मोजून का घ्यायचा, असं आमच्या राजारामपुरीतल्या पोरांपैकी रोज कोणीतरी विचारतंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ही २०११ साली निघालेली ४५ आरपीएमची (म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी) दोन रेकॉर्डची आवृत्ती, स्टीव्ह हॉफमन आणि केविन ग्रे ह्या मास्टरिंग इंजिनिअरांनी अ‍ॅनालॉग टेपवरून कट केलेली, म्हणजे खाच कोरलेली, आणि जर्मनीत पालासच्या प्लांटमध्ये प्रेस झालेली. थेट सांगतो, नाद खुळा रेकॉर्ड आहे. पण का आहे ते समजून घ्या, कारण हल्ली ऑडिओफाईलचा, म्हणजे आवाजाच्या दर्दी लोकांसाठीचा, स्टिकर लावून काहीही विकायला लागलेत आणि कोल्हापुरात बसून मागवायचं म्हटलं की वर कुरिअर आलं, बाहेरून आली तर कस्टम आलं, मग पैसे कुठं जातायत ते कळायला नको?

मुख्य कारण वेगाचं. साधी एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फेरे तेवढेच राहतात, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ आत आत गेलं की २१ च्या आसपासच. म्हणजे झांजेचा तेवढाच बारीक आवाज कोरायचा, आणि जागा मात्र निम्म्याहून कमी. बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा 'स' फुटतो, झांज खरखरते, पियानो कडक होतो ते ह्यामुळं. ४५ वर तेच आकडे ६९ आणि २८ होतात. त्यात चाळीस मिनिटांचा अल्बम चार बाजूंवर पसरलाय, एका बाजूला जेमतेम दहा मिनिटं, त्यामुळं कट करणाऱ्याला लेबलपर्यंत आत घुसायची गरजच पडत नाही, आणि बेससाठी रुंद खाच लागते तिलाही हवी तेवढी जागा मिळते.

हे सगळं ऐकायचं असेल तर 'साँगबर्ड' लावा. मूळ अल्बमात हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी येतं, म्हणजे नेमकं सगळ्यात वाईट जागी, आणि त्यात लपायला काहीच नाही, ख्रिस्टीन मॅकव्हीचा आवाज, तिचा पियानो आणि मागं हलकी गिटार. हे स्टुडिओत केलेलंच नाही, बर्कलीच्या झेलरबाख ऑडिटोरियममध्ये रिकाम्या सभागृहात रेकॉर्ड केलंय, त्या हॉलची घुमक पाहिजे होती म्हणून. माझ्या ३३ च्या साध्या प्रतीवर ती घुमक म्हणजे आवाजामागचा एक धूसर पडदा वाटतो. ह्या ४५ वर हॉल उभा राहतो. पियानोचा सूर सुटल्यावर मागच्या भिंतीपर्यंत जाऊन विरतो ते ऐकू येतं, आणि ख्रिस्टीन शब्द संपवताना श्वास कसा सोडते तेही. ती २०२२ मध्ये गेली, तेव्हापासून तर हे गाणं मी दुसऱ्या प्रतीवर लावलेलंच नाही.

दुसरी गोष्ट टेपची. 'रुमर्स' बनताना एवढे ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर चढवलेले नवे आवाज) झाले की मल्टिट्रॅक टेप, जिच्यावर प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीत असतं ती, हेडवरून परत परत फिरून झिजली, वरचे आवाज उडायला लागले, ड्रम मऊ पडले. मग मूळ ट्रॅकची दुसरी टेप काढली आणि दोन मशीन एकत्र चालवून एका कानात एक टेप, दुसऱ्या कानात दुसरी, असं ऐकत ऐकत हाताने वेग जुळवत ओव्हरडब त्या ताज्या टेपवर नेले. एवढा खटाटोप ज्या ड्रमसाठी केला ते ड्रम रीइश्यूमध्ये, म्हणजे नव्याने काढलेल्या आवृत्तीत, दाबून मोठ्ठे केले तर काय उपयोग? इथं तसं केलेलं नाही. 'ड्रीम्स'मध्ये मिक फ्लीटवूडचा स्नेअर ड्रम कोरडा, जागच्या जागी पडतो, आवाज वाढवला तरी डोकं दुखत नाही. 'सेकंड हँड न्यूज'मध्ये लिंडसे बकिंगहमनं खुर्चीच्या गादीवर थापा मारून ठेका वाजवलाय, ती थाप इथं खुर्चीची म्हणून कळते, इतर ठिकाणी नुसतं टपटप. आणि 'द चेन'! ते गाणं तुकडे जोडून केलंय, मधे सगळं थांबतं आणि जॉन मॅकव्हीचा बेस एकटाच येतो, तो येताना जमिनीतून आल्यासारखा येतो. आमच्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं कोण आलंय म्हणून.

त्रासही सांगतो. दर दहा मिनिटांनी उठायचं. 'साँगबर्ड' आणि 'द चेन' यांच्यात मूळ अल्बमातही बाजू बदलतेच, ते ठीक, पण इथं मधेच 'नेव्हर गोइंग बॅक अगेन' संपलं की सुई उचलायची आणि रेकॉर्ड पालटायची हे ज्यांना पसरून ऐकायची सवय आहे त्यांना जमणार नाही. शिवाय बऱ्याच बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबलवर ४५ साठी प्लॅटर काढून बेल्ट हाताने पुलीच्या दुसऱ्या खाचेत टाकावा लागतो. मला चालतं. तुम्हाला चालेल का ते आधी बघा.

वेग आणि वेळ ह्यांचं भांडण किती जुनं आहे बघा, १९७७ ला 'रुमर्स' आला त्याच साली नासानं व्हॉयेजर यान सोडलं, त्यावरची सोनेरी रेकॉर्ड मुद्दाम १६⅔ आरपीएमची, जास्त वेळ बसावा म्हणून. त्यात चक बेरीचा रॉक अँड रोल आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी पण. केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक. रॉकची रेकॉर्ड आणि कोल्हापूर यांचा काय संबंध असं कोणी म्हणालं की मी हेच सांगतो.

आता स्टिकरवर काय काय लिहितात त्याचं. १८० ग्रॅम म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं. जड रेकॉर्ड हाताला भारी वाटते, पटकन वाकत नाही असं म्हणतात, पण खाच तेवढीच खोल असते, १३० ग्रॅमची नीट कट केलेली रेकॉर्ड १८० ग्रॅमच्या गचाळ कटिंगला सहज मागं टाकते. वजनाचे पैसे देऊ नका. प्लेटिंगचं, म्हणजे धातू चढवून साचे बनवण्याचं, मात्र महत्त्व आहे, आणि ते मला उद्यमनगरातल्या मित्राच्या शॉपमध्ये बोलताना नीट कळलं: खाच कोरलेल्या मूळ तबकडीवर, म्हणजे लॅकरवर, चांदी फवारतात, मग निकेल चढवून फादर, फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर म्हणजे रेकॉर्ड छापायचा साचा, आणि स्टॅम्पर डायसारखाच झिजतो, म्हणून एका स्टॅम्परमधून किती प्रती काढल्या ह्याला किंमत आहे. तो गडी लेथवर आयुष्य घालवलेला, त्याला एका वाक्यात पटलं. 'वन स्टेप' लिहिलेल्या महागड्या रेकॉर्डमध्ये मधले दोन टप्पे गाळून थेट पहिल्या निकेलवरूनच प्रेस करतात, त्यामुळं प्रती कमी निघतात आणि किंमत चढते.

आणि टेपबद्दल खरं सांगितलंय का ते बघा. २०२२ च्या जुलैमध्ये मोबाईल फिडेलिटी ह्या महागड्या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर लोकांनीच सांगितलं की कित्येक वर्षं त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये मधे डीएसडी नावाच्या डिजिटल रेकॉर्डिंगची पायरी होती, आणि लोक तर त्या पूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेत होते. कोर्टकचेरीपर्यंत गेलं. त्यातल्या काही रेकॉर्ड मी ऐकल्यात, वाजतात सुंदर, डिजिटल पायरीनं आवाज बिघडतोच असं मला अजिबात वाटत नाही. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' तर मुळातच डिजिटल मशीनवर रेकॉर्ड झालेला अल्बम, तो अ‍ॅनालॉग कुठून आणणार? पण एवढे पैसे घेताना काय केलंय ते कव्हरवर लिहायलाच पाहिजे, ह्यात मला दोन मतं दिसत नाहीत.

आपल्याकडच्या पावसाचं एक सांगायलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर भिंतीला लागून रेकॉर्ड ठेवू नका, कव्हरला बुरशी धरते आणि आतल्या कागदी स्लीव्हची ओल खाचेपर्यंत जाते. आल्या आल्या अँटिस्टॅटिक प्लॅस्टिकच्या इनर स्लीव्हमध्ये टाका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि उभ्याच ठेवा. एवढ्या किमतीची रेकॉर्ड आडवी रचून ठेवलेली बघितली की पोटात कालवतं.

कोणी घ्यावी? ज्याचा कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) नीट अलाइन केलेला आहे, ट्रॅकिंग फोर्स म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब काट्यावर मोजून लावलाय आणि ज्याला हा अल्बम खरोखर प्रिय आहे त्यानं डोळे झाकून. ज्याच्याकडं सूटकेसवाला प्लेअर आहे त्यानं हे पैसे आधी टर्नटेबल आणि सुईवर घालावेत, 'रुमर्स'ची साधी ३३ ची प्रत तेवढ्यात आनंदानं वाजेल. आणि बाजू बदलायचा कंटाळा असेल पण कटिंग केविन ग्रेचंच पाहिजे असेल, तर ऱ्हायनो ह्या रेकॉर्ड कंपनीची हाय फिडेलिटी मालिका बघा, त्यात दुसरे रॉक अल्बम ३३ वर मिळतात, जर्मनीतच प्रेस केलेले.

जुन्या हातातली घेणार असाल तर घ्यायच्या आधी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीचे, म्हणजे रनआउटचे, चारही बाजूंचे फोटो मागा. कट करणाऱ्याच्या खुणा तिथंच कोरलेल्या असतात, १९६९ च्या 'लेड झेपलिन टू'वर रॉबर्ट लडविगचं 'आरएल' शोधत लोक अजून फिरतात ते उगाच नाही. फोटो पाठवायला टाळाटाळ करणारा विक्रेता सोडून द्या, दुसरा मिळतो.