जेवण तिकिटात आहे, वेळ नाही: झोपण्याच्या डब्यातले आठ महिने

कामामुळे गेले आठ महिने महिन्यातून दोनदा रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीने जातोय. तिकीट दर वेळी झोपण्याच्या डब्याचं, छोट्या केबिनचं. जेवण आणि नाश्ता भाड्यातच धरलेला. जाताना मिळते त्या गाडीला डायनिंग कार आहे. येतानाच्या गाडीत ट्रे केबिनमध्ये आणून देतात. दोन्ही पद्धती इतक्या वेळा वापरून झाल्या की आता बोलायला हरकत नाही.

दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर ट्रेवाल्या गाडीला जास्त गुण दिले असते. गाडी सुटली की अटेंडंट वही घेऊन येतो, काय हवं आणि किती वाजता ते लिहून घेतो. रांग नाही, कपडे बदलून चार डबे तुडवत जायला नको. दिवसभर थकून चढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? चवीबद्दल आधी कुरकूर करायचो, मग कारण कळलं. हे जेवण जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजतं, थंड करून गाडीत चढतं आणि गाडीत फक्त गरम होतं. त्यामुळे रश्शाचे, सॉसचे पदार्थ तग धरतात. तळलेलं किंवा कुरकुरीत काही मागवलं की झाकणाखालच्या वाफेने त्याचं पोतेरं होतं. तेव्हापासून फोटो बघून मागवणं बंद केलं.

खरा त्रास जेवण झाल्यावर सुरू होतो. खिडकीखालच्या टेबलावर एक ट्रे कसाबसा मावतो. सीटचाच बर्थ होत असल्यामुळे जेवण उरकल्याशिवाय आडवं होता येत नाही, आणि उरकल्यावर उष्टा ट्रे ठेवायला जागाच नाही. एका रात्री दोन डब्यांना मिळून एकच अटेंडंट होता, तो काही परत आला नाही. ट्रे जमिनीवर ठेवून झोपलो. प्रत्येक वळणाला तो सरकायचा आणि चमचा दारावर टण्ण करून आपटायचा. दोन वाजता उठून त्याला दोन्ही बुटांचा अडसर लावला. सकाळी डावा बूट घातला तर आत गार झालेला सॉस. केबिनला रात्रभर जेवणाचा वास होता, तो वेगळाच.

डायनिंग कारचं उलटं. तिथे पोहोचायचे कष्ट आहेत, पण जेवण मागे ठेवून येता येतं, याची किंमत बुटाच्या प्रसंगानंतर कळली. टेबलाची कड थोडी उचललेली असते, वाढणारा पेला कधी काठोकाठ भरत नाही, आणि गाडी हलली की सगळे एकाच वेळी पेल्याला हात लावतात. एकटा असलात तर अनोळखी लोकांबरोबर बसवतात. माझ्यासारख्या मुखदुर्बळाला सुरुवातीला ते संकट वाटायचं. एकदा समोरच्या आजोबांनी सूप यायच्या आधी गुडघ्याच्या ऑपरेशनला हात घातला, तो गोड पदार्थ येईपर्यंत टाके पडले नव्हते. तरी बंद केबिनमध्ये भिंतीकडे बघत जेवण्यापेक्षा हे बरंच, असं आता माझं मत आहे.

पण डायनिंग कारची दुखती नस म्हणजे पाळ्या. सगळे एकदम मावत नाहीत म्हणून वेळा वाटतात. गाडीच्या सुरुवातीला चढणाऱ्यांना सोयीची वेळ मिळते. मधल्या स्टेशनवर चढणाऱ्याला उरलेली. गाडी तीन तास उशिरा आली तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. तसं माझं दोनदा झालं. हातात पाण्याची बाटली आणि बिस्किटं मिळाली. भाड्यातून मात्र काही वजा झालं नाही. नाश्ता साडेसहाला सुरू आणि माझं स्टेशन सहाच्या आत. सोळा फेऱ्यांत नाश्ता पाच वेळा मिळाला, तोही गाडी उशिरा धावत होती म्हणून!

वेळेचं हे भांडण जुनंच आहे म्हणा. डायनिंग कार यायच्या आधी गाड्या जेवायला थांबायच्या. इंग्लंडमध्ये स्विंडन स्टेशनवर उपाहारगृहाच्या ठेकेदाराशी झालेल्या कराराने गाड्यांना दहा मिनिटं थांबावं लागे; ते बंद करायला रेल्वे कंपनीला 1895 साली पैसे मोजून करारातून सुटावं लागलं. तिथल्या कॉफीबद्दल खुद्द तो मार्ग बांधणाऱ्या ब्रुनेलने खरमरीत पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या पुलमन या डबे बनवणाऱ्या कंपनीची ‘डेल्मॉनिको’ डायनिंग कार 1868 ची. ब्रिटनमध्ये 1879 साली अशी कार आली, पण डब्यांना जोडमार्ग नव्हता, त्यामुळे तिच्यात बसलेल्याने प्रवासभर तिथेच बसायचं.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेचं. 2015 च्या कायद्याने तिथल्या प्रवासी रेल्वे कंपनीला, म्हणजे अ‍ॅमट्रॅकला खानपानातला तोटा पाच वर्षांत संपवायला सांगितलं. 2019 पर्यंत पूर्वेकडच्या बहुतेक रात्रीच्या गाड्यांत झोपण्याच्या डब्यांसाठी गाडीत शिजवणं थांबवून तयार जेवण आणलं. पश्चिमेकडच्या लांबच्या गाड्यांतही ते मधे थांबलं होतं, तिथे 2021 मध्ये शिजवलेलं जेवण परत आलं. म्हणजे ट्रे आणि डायनिंग कार यातली निवड चवीपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त होते.

मला स्वतःला ऑस्ट्रियाच्या नाइटजेट या रात्रीच्या गाड्यांची नाश्त्याची पद्धत पटते: यादीतून सहा पदार्थांवर खूण करून कागद अटेंडंटला द्यायचा. माणसाला काय हवं ते आधी कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

नव्याने जाणार असाल तर पथ्याचं जेवण बुकिंग करतानाच सांगा. गाडीत चढून सांगितलं तर ‘बघतो’ एवढंच ऐकाल. मधुमेह असेल तर वेळेवर अवलंबून राहू नका, पिशवीत काहीतरी हवंच. मी सुका खाऊ, एक रिकामा डबा आणि मोठी कागदी पिशवी नेतो. पिशवी ट्रेसाठी.

आणि चढल्यावर अटेंडंटला पहिला प्रश्न मेनूचा विचारत नाही. ट्रे किती वाजता नेणार, ते विचारतो. परवा तो हसला, म्हणाला, “दहाला येतो.” साडेदहाला आला.