गळीत हंगामभर बॅगेत फिरलेला खाऊ: मधुमेहींनी काय घ्यावं, काय नको

साखर कारखान्यांतल्या पंपांची सर्व्हिस हे माझं काम, आणि अंगात मधुमेह. गाळप सुरू झालं की पार मार्चपर्यंत पंढरपूर, सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात फिरती. जेवणाची वेळ पंपाच्या मर्जीवर. कारखान्यात पाऊल ठेवलं की आधी गोडमिट्ट चहा पुढ्यात येतो, एसटी थांबेल तिथे वडापाव. गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे, त्यामुळे जेवण लांबलं की साखर खाली येते. मिळेल ते खाल्लं की वर चढते. म्हणून यंदा हंगामभर खाऊ बदलत राहिलो आणि ग्लुकोमीटर सोबत ठेवला.

'शुगर फ्री' बिस्किटांचं आधी उरकतो. साखर नाही हे खरं, पण पुड्याची मागची बाजू वाचा: मैदा, पामतेल आणि माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. मैद्याची साखर होतेच, आणि माल्टिटॉल जास्त झालं की पोटात गुडगुड सुरू. बसमध्ये हे परवडत नाही. खजुराच्या बारवर 'साखर घातलेली नाही' असं मोठ्या अक्षरात असतं. अहो, सुक्या खजुरातच निम्म्याहून जास्त साखर असते, वरून घालायची गरजच काय?

मखाण्याचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. चरायला छान, पण अर्धी बॅग तोच अडवतो, पोट भरत नाही आणि त्यात बहुतांश पिष्टच. मसाल्याच्या पाकिटांत तेल-मीठ वेगळंच.

टिकले ते फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. फुटाणे सालीसकट, कारण चोथा सालीत असतो; डाळं घेतलंत तर तो गेला. 30 ग्रॅम फुटाण्यांत साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच शेंगदाण्यांत सातेक. शेंगदाण्यांनी मीटर फारसा हलत नाही, पण उष्मांक 170च्या घरात, म्हणून पिशवीतून खायचं नाही. मी रात्रीच काट्यावर तोलून कागदी पुड्या बांधतो. पुडी संपली की हात थांबतो. मोठी पिशवी मांडीवर असली की मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत हात चालूच राहतो. खारे फुटाणे मात्र बंद केले, बीपीही आहे.

या हंगामाची खरी कमाई म्हणजे सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली. कोरडी ठेवली तर आठवडे टिकते. पातळ असली तरी ती भाकरीच, तेव्हा पिष्ट हिशेबात धरायचं. मी एक घेतो, सोबत शेंगाचटणी किंवा जवसाची चटणी आणि स्टँडवर ताक मिळालं तर ताक. दोन तासांनी साखर बहुतेक वेळा 150च्या आत राहिली. वडापावानंतर ती दोनशेपार जायची. तुमचा मीटर वेगळं सांगू शकतो, तपासून बघा. गैरसोय एकच, बॅगेत तिचा भुगा होतो. स्टीलच्या चपट्या डब्यात खाली-वर कागद घालून ठेवा. भुगा झालाच तर ताकात चुरून खाता येतो.

उकडलेली अंडी सकाळच्या प्रवासापुरती ठीक. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात दुपारपर्यंत ठेवू नयेत.

एक गोष्ट मात्र या खाऊत मिसळू नका. हातपाय थरथरले, घाम सुटला आणि मीटर 70च्या खाली दाखवत असेल, तर फुटाणे कामाचे नाहीत. प्रथिनं आणि चोथा यांमुळे त्यांची साखर सावकाश चढते. चॉकलेटचंही स्निग्धामुळे तसंच. त्यासाठी 15 ग्रॅम ग्लुकोज पावडरची पुडी शर्टाच्या खिशात ठेवतो. बॅगेत नाही, कारण बॅग बसच्या वरच्या फळीवर असते. पुडी पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून खालीच असेल तर दुसरी पुडी. साखर सावरल्यावर मग भाकरी.

भाकरी घेताना दुकानदाराला एक मोडून दाखवायला सांगा. टचकन तुटली तर घ्या. जाडसर, मधे मऊ राहिलेली असेल तर डब्यात तिला बुरशी धरते.