पाळीची नोंद कुठे ठेवावी: फ्लो, क्लू, ड्रिप, ॲपल हेल्थ की भिंतीवरचं कालनिर्णय?

पुण्यात ससूनच्या ओपीडीत जा, महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात जा किंवा कोथरूडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात, स्त्रीरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कधी आली? तेवढं उत्तर नीट देता यावं इतकाच हेतू असेल, तर ॲप लागतच नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी कालनिर्णयवर तारखेभोवती गोल करायचा, थांबली की रेघ मारायची. ज्या बायका हे नेमाने करतात त्यांची नोंद कुठल्याही ॲपच्या तोडीची असते. अडचणी दोन. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जातं आणि भिंतीवरचा गोल घरातल्या प्रत्येकाला दिसतो.

ॲपमध्ये नोंद खिशात राहते, हवी तर लपवता येते आणि पुढची तारीख आपोआप निघते. जाहिरात या तिसऱ्या गोष्टीची होते, पण निवड करताना तिला सगळ्यात कमी महत्त्व द्यावं. नोंद नेमकी कुठे साठते, ती बाहेर काढता येते का आणि काही कारणाने बिघडलेलं चक्र हिशेबातून वगळता येतं का, हे आधी बघावं.

तारीख निघते कशी आणि चुकते कशी

साधं ॲप मागच्या काही चक्रांची सरासरी काढतं. समजा सहा चक्रं २६, ३१, २८, ३५, २७ आणि ३३ दिवसांची झाली. बेरीज १८०, सरासरी ३०. पुढची पाळी ३० दिवसांनी, असं ॲप सांगणार. बीज सुटतं ते पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणून ते १६ वा दिवस धरणार. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकतात आणि स्त्रीबीज १२ ते २४ तास, म्हणून ११ ते १६ हे दिवस रंगवून दाखवणार.

आता तेच चक्र २६ दिवसांचं निघालं, तर बीज १२ व्या दिवशीच सुटलेलं असतं आणि दिवस राहण्याची शक्यता ७ ते १२ या काळात होती. ३५ दिवसांचं निघालं तर १६ ते २१. म्हणजे ॲपने कोरे ठेवलेले ७ ते १० आणि १७ ते २१ हे दिवस मुळीच सुरक्षित नव्हते. शिवाय बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ प्रत्येकीत १४ च दिवसांचा नसतो, १० ते १६ असा कुठेही असू शकतो. म्हणून केवळ तारखांवर चालणारं ॲप गर्भनिरोधक म्हणून वापरू नये. फ्लो असो, क्लू असो वा दुसरं कुठलं, या बाबतीत एकाचा हिशेब फार शहाणा आणि दुसऱ्याचा वेडा असं नसतं.

हिशेब बिघडवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपण स्वतः करतो आणि ॲपला सांगत नाही. गौरी-गणपती, घरचं लग्न, वास्तुशांत आली की पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली जाते. बहुतेकदा ती नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची असते. अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून ती सुरू करतात आणि बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. २८ दिवसांचं चक्र ३८ चं होतं. ॲपला ते खरंच वाटतं आणि सहा चक्रांच्या सरासरीत पुढची तारीख जवळजवळ २ दिवसांनी सरकते. असं चक्र वगळायची सोय क्लूमध्ये आहे, ती वापरा. (ही गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर मुळीच नाही. आणि अशी चार दिवस घेतल्याने दिवस राहणं टळत नाही.)

आयपिलसारख्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमच्या गोळीचंही तसंच. ती ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि नंतर काही दिवसांनी थोडे डाग दिसू शकतात. ते 'पाळी' म्हणून नोंदवले की ॲप नवं चक्र सुरू करतं आणि पुढचं सगळं गणित फसतं. डाग वेगळ्या खुणेने, 'स्पॉटिंग' म्हणून टाका. खरी पाळी अपेक्षित तारखेपेक्षा आठवडाभर लांबली तर ॲपच्या पडद्याकडे न बघता लघवीची तपासणी करा.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या गर्भनिरोधक साधनांचा विचार तर परदेशी ॲप्समध्ये क्वचितच दिसतो. छाया ही गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिने पाळी लांबते आणि ॲप रोज 'उशीर झाला' म्हणून घाबरवतं. दर ३ महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनवर पाळी अनियमित होते, कित्येकींची बंदच होते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारा रक्तस्राव हा गोळी थांबवल्याचा असतो, तिथे बीजच सुटत नाही. या तिन्ही परिस्थितींत भाकीत बंद ठेवा आणि ॲपचा उपयोग फक्त वहीसारखा करा: गोळी कधी घेतली, इंजेक्शनची पुढची तारीख कोणती, रक्तस्राव किती दिवस.

एकेक ॲप

फ्लो सगळ्यात लोकप्रिय. वापरायला सोपं, लेख भरपूर, पैसे भरा म्हणून आग्रहही भरपूर. पण त्याचा इतिहास माहीत असायला हवा. वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक, गुगल यांसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण-यंत्रणांकडे पाठवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०२१ मध्ये त्यात तडजोड झाली. पुढे याच बाबतीतल्या कॅलिफोर्नियातल्या खटल्यातही फ्लोने तडजोड केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याविरुद्ध कौल दिला. दरम्यान २०२२ मध्ये फ्लोने नाव-ईमेल न देता वापरायचा 'अनामिक' पर्याय आणला. फ्लो घ्यायचंच असेल तर त्या पर्यायात घ्या, मात्र त्यात फोन हरवला की जुनी नोंद परत मिळत नाही. लक्षणांवरून 'तुम्हाला पीसीओडी (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित करणारा विकार) असू शकतो' असं सुचवणाऱ्या प्रश्नावल्यांवर विसंबू नका. त्या निदानासाठी पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्ततपासणी, आणि सोनोग्राफी किंवा एएमएच (बीजांडातल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) यांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासून बाकीची कारणंही दूर करावी लागतात.

क्लू बर्लिनचं, त्यामुळे युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याखाली येतं. नोंद त्यांच्या सर्व्हरवर साठते, पण मागितली की उतरवून घेता येते. लक्षणांचे पर्याय बारकाईने केलेले आहेत, भाषा वैद्यकीय आणि शांत आहे. पाळी अनियमित असलेल्या, डॉक्टरांना काही महिन्यांचा आलेख दाखवायचा असलेल्या मुलीला आम्ही क्लू सुचवू. काही विश्लेषण पैसे भरल्यावरच उघडतं, पण तारखा आणि लक्षणं नोंदवायला त्याची गरज नाही.

ड्रिपचा सोर्स कोड खुला आहे, ते मोफत आहे आणि नोंद फक्त तुमच्या फोनवर राहते. खातं उघडावं लागत नाही. ज्यांना नोंद दुसऱ्या कुणाकडे जायलाच नको आहे त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर याच्यासारखं दुसरं नाव चटकन सुचत नाही. पण जी गोष्ट याची ताकद आहे तीच धोकाही आहे. ॲप काढलं किंवा फोन फुटला की सगळं गेलं. पासवर्ड विसरलात तर नोंद पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. म्हणून दर महिन्याला पाळी आली की सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी फाइल) काढून दुसरीकडे ठेवा. नव्या फोनवर ती परत आत घेता येते. दिसायला मात्र कोरडं आहे.

आयफोन असेल तर वेगळं काही घेण्याआधी ॲपल हेल्थमधली सायकल ट्रॅकिंगची सोय वापरून बघा. २०१९ पासून ती फोनमध्येच आहे. पासकोड आणि टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन चालू असेल तर आयक्लाउडवरची आरोग्याची नोंद ॲपललाही वाचता येत नाही. गर्भनिरोधक साधन, गरोदरपण, स्तनपान हे 'फॅक्टर्स'मध्ये टाकता येतं, त्यानुसार भाकीत बदलतं. मागच्या बारा महिन्यांचा पीडीएफ काढून थेट डॉक्टरांना देता येतो, आणि ओपीडीच्या पाच मिनिटांत हा एक कागद फार उपयोगी पडतो. सिरीज ८ पासूनच्या घड्याळात मनगटाचं तापमान मोजलं जातं. त्यावरून बीज कधी सुटलं याचा अंदाज मिळतो, तोही दिवस उलटून गेल्यावर.

माया हे बंगळूरूचं. २०१९ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या खासगीपणासाठी काम करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलं की ते उघडताक्षणी फेसबुककडे माहिती जात होती. नंतर कंपनीने तो भाग काढला. आजही कुठलंही ॲप घेताना प्ले स्टोअरवरचा 'डेटा सेफ्टी' हा भाग उघडून 'शेअर केला जाणारा डेटा' याखाली आरोग्य लिहिलंय का, एवढं बघायला एक मिनिट लागतं.

नॅचरल सायकल्स हा वेगळाच प्रकार आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने गर्भनिरोधनासाठी मान्यता दिलेलं हे ॲप रोजच्या तापमानावर चालतं. तंतोतंत वापरलं तरी १०० पैकी साधारण २ जणींना आणि प्रत्यक्षातल्या सर्वसाधारण वापरात ७ जणींना वर्षभरात दिवस राहतात. हिंजवडी-खराडीत आलटून-पालटून रात्रपाळी करणाऱ्या मुलीला ते जमणं अवघड. तापमान सलग झोपेनंतर, उठल्या उठल्या, अंथरुणातच, रोज साधारण त्याच वेळी घ्यावं लागतं.

मूल हवं असेल तर

इथे तारखांपेक्षा शरीराची चिन्हं कामाला येतात आणि ड्रिप त्यासाठीच बनलेलं आहे. बीज सुटल्यावर तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. मेडिकलमधला तापाचा साधा थर्मामीटर एकच दशांश दाखवतो, त्यात ही वाढ निसटते. दोन दशांश दाखवणारा बेसल थर्मामीटर मागा आणि तो फॅरनहाइटचा आहे की सेल्सिअसचा, ते आधी बघा. फॅरनहाइटमध्ये तीच किमान वाढ सुमारे ०.४ अंश होते. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस तापमान वर राहिलं आणि तिसऱ्या दिवशी ते ०.२ अंश सेल्सिअसने तरी जास्त असलं, तर बीज सुटून गेलं असं धरतात. ताप, जागरण, दारू यांनी आकडा फसतो. तो दिवस वगळा.

तापमान मागून सांगतं, आधी सांगतो तो स्राव. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसू लागला की ते दिवस महत्त्वाचे. एलएच पट्टी (बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक लघवीत तपासणारी) पॉझिटिव्ह आली की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. पीसीओडीत एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी उगाच पॉझिटिव्ह दाखवते. अशा वेळी पट्ट्यांवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना भेटा. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर ॲपची वाट बघत बसू नका.

नोंदवायचं काय

मूड, त्वचा, केस, झोप, भूक अशी तीस बटणं रोज दाबायला गेलं की दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि पाळीची तारीखही राहून जाते. डॉक्टरांना लागतं ते थोडकं: पहिला दिवस, एकूण दिवस, दिवसाला किती पॅड बदलावे लागले, गाठी पडल्या का, दुखण्यावर कोणती गोळी किती घेतली, मधल्या काळात किंवा संबंधानंतर डाग दिसले का.

चक्र वारंवार २४ दिवसांपेक्षा छोटं किंवा ३८ पेक्षा मोठं होत असेल, रक्तस्राव ८ दिवसांपलीकडे जात असेल किंवा ३ महिने पाळी आलीच नसेल, तर दाखवून घ्या. दर तासाला पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एकच डाग, तरी नोंद करत न बसता तपासून घ्या. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीत २१ ते ४५ दिवसांचं चक्र पहिल्या काही वर्षांत स्वाभाविक असतं आणि बरीच ॲप्स त्यालाच 'अनियमित' म्हणून तिला घाबरवतात. तेरा वर्षांच्या मुलीला वही किंवा कालनिर्णयच द्यावं असं आमचं मत आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. आणि तो कायदा आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त कडक वर्ग देत नाही.

पुण्यातल्या मुलीला प्रत्यक्षात त्रास होतो तो कंपन्यांइतकाच जवळच्यांकडून. हॉस्टेलवर रूममेट, घरी सासू किंवा भाऊ फोन हातात घेतो आणि लॉक स्क्रीनवर 'पाळी २ दिवसांत' झळकतं. सूचनांचा मजकूर लॉक स्क्रीनवर दिसणार नाही असं करा आणि ॲपला वेगळा पिन ठेवा. ऑफिसने दिलेल्या फोनवर हे ॲप ठेवू नका आणि ऑफिसच्या ईमेलने खातं उघडू नका. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या गुगलच्या 'ॲड्स'मध्ये जाऊन जाहिरातींचा आयडी पुसता येतो. आयफोनवर 'प्रायव्हसी'मधलं 'ट्रॅकिंग' बंद करता येतं. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी या ॲप्सना कशालाच लागत नाही.

ॲप बदलायचं ठरलं तर मागच्या सहा पाळ्यांचे फक्त पहिले दिवस नव्या ॲपमध्ये हाताने टाका, तेवढ्यावर ते चालू लागतं. जुन्यातली फाइल उतरवून घेतल्यावर आधी त्याच्या सेटिंग्जमधून खातं पुसा आणि मगच ॲप काढा. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर फोन मोकळा होतो, सर्व्हरवरच्या तारखा तिथेच राहतात.