‘सलग एकच प्रवास’ म्हणून विकलेली दोन बुकिंगे

यजमानांच्या निवृत्तीनिमित्त आम्ही दोघांनी भूमध्य समुद्रातील क्रूझचा बेत केला आणि कर्वे रस्त्यावरील, ओळखीतून कळलेल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे पैसे भरले. बार्सिलोनाहून निघून सात रात्रींनी रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरात यायचे आणि त्याच जहाजाने पुढे सँटोरिनी, मिकोनोस, पिरेयस करून पुन्हा त्याच बंदरात उतरायचे, असा चौदा रात्रींचा मार्ग होता. हे दोन वेगळे प्रवास जोडलेले आहेत का, असे मी स्पष्ट विचारले होते. “काकू, दोन तिकिटांच्या भानगडीत कशाला पडता? हा सलग एकच प्रवास आहे. एकच केबिन, एकच भाडे,” असे उत्तर मिळाले आणि त्याच्या लेटरहेडवर छापलेला चौदा दिवसांचा कार्यक्रम हाती आल्यावर मी गप्प बसले.

प्रत्यक्षात ती दोन बुकिंगे होती. तशी ती करण्यात गैर काहीच नाही. पुष्कळदा ती स्वस्तही पडतात आणि एक रद्द करावे लागले तर दुसरे टिकते. मात्र प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो, केबिन बदलू शकते आणि मुख्य म्हणजे उरलेली रक्कम भरण्याची मुदत प्रत्येकाची स्वतंत्र असते. त्या मुदतीत पैसे न पोहोचल्यास कंपनी ते बुकिंग रद्द करते. आमच्याकडून क्रूझचे सगळे ४,६०,००० रुपये जहाज सुटण्याच्या पाच महिने आधीच घेऊन या माणसाने पहिल्या प्रवासाचे पैसे पूर्ण भरले, दुसऱ्याचे मात्र केवळ आगाऊ रकमेपुरते भरले आणि बाकीचे स्वतःकडे ठेवले.

निघण्याआधी बोर्डिंग पास एकच आला आणि त्यावर सातच रात्री होत्या. फोन केला तेव्हा “उरलेले जहाजावर आपोआप पुढे चालू राहते” असे त्याने सांगितले. सहाव्या संध्याकाळी शेजारच्या केबिनमधील, पुढे जाणाऱ्या जोडप्याला ‘ट्रान्झिट’ प्रवाशांसाठीचे सूचनापत्र आले, दुसऱ्या दिवशी नवे कार्ड कुठे घ्यायचे, बंदरात थोडा वेळ उतरून परत कसे चढायचे याची माहिती असलेले. आमच्या दाराशी मात्र सामानाला बांधायचे उतरण्याचे टॅग होते. स्वागतकक्षातील मुलीने दोनदा तपासले आणि पुढील प्रवासाचे आमचे बुकिंग दोन महिन्यांपूर्वीच पैसे न भरल्याने रद्द झाल्याचे सांगितले. जहाज भरलेले होते, त्यामुळे नव्याने पैसे देऊनही केबिन मिळेना. सकाळी चार बॅगा घेऊन आम्ही धक्क्यावर उभे होतो. यजमान एक शब्द बोलले नाहीत आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. रोममध्ये तीन रात्री महाग हॉटेलात काढून, विमानाची तारीख बदलण्याचे पैसे भरून आम्ही पुण्याला परतलो. प्रवासविम्यात एजंटाने पैसे न भरल्यामुळे झालेले नुकसान बसत नव्हते.

हे सारे मला घरबसल्या कळू शकले असते, म्हणून लिहीत आहे. एजंटाचा नव्हे, क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागून घ्यावा आणि तो व आपले आडनाव घालून कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. तिथे रात्री किती आणि बाकी किती, हे दोन्ही दिसते. सलग प्रवास असेल तर चौदा रात्री एकाच क्रमांकावर दिसतील. दोन असतील तर दोन्ही क्रमांक हवेत आणि शेवटच्या मुदतीनंतर दोन्हींवर बाकी शून्य दिसली पाहिजे. एजंटाने टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर गोळा करायचा आयकर, घेतला असेल तर तो आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील आपल्या कराच्या नोंदींच्या पत्रकात, उमटतो का, हेही पाहावे. आमचा उमटला नव्हता, आणि ते माझ्या सीए भाच्याने परतल्यावर दाखवले.

पोलिसांत अर्ज देऊन, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ती दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. चेकने दिलेल्या ३,८०,००० रुपयांचा पुरावा बँकेच्या नोंदीत आहे. सवलतीच्या नावाखाली रोख घेतलेल्या ८०,००० रुपयांसाठी त्याच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी आहे, तिच्यावर ना शिक्का आहे ना तारीख, आणि ती ग्राह्य धरली जाईल का, असे वकिलांना विचारले असता त्यांनी अजून होकार दिलेला नाही.